सावलीलाही रंग असतो

मनुष्याचा चेहरा आपण रोज पाहतो. आणि रोज पाहतो म्हणूनच की काय, तो नीट पाहावयाचा राहून जातो. आम्हां धर्मगुरूंच्या हातून तर ही चूक विशेष घडते. रविवारी मिस्सा संपल्यावर मंदिराच्या दारात उभे राहून आम्ही शेदोनशे माणसांची नावानिशी विचारपूस करतो. परंतु त्यांपैकी एखाद्याचे कपाळ रुंद की अरुंद, किंवा डोळ्यांखालची छाया कोणत्या रंगाची, असे कोणी विचारले तर आम्हांस उत्तर देता येणार नाही. नाव ठाऊक असते, घर ठाऊक असते, घरातील भांडणही ठाऊक असते. चेहरा मात्र ठाऊक नसतो. हे आमचे अज्ञान गेल्या हिवाळ्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हाती कुंचला धरल्यावर आमच्या ध्यानी आले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, आणि तिच्या ओघात तैलरंगातील व्यक्तिचित्र कसे रंगवितात याचीही थोडी माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोळशाचे गाव

प्रकृतीच्या कारणाने आम्हांस अडीच महिने विश्रांती घेण्याचा सल्ला मिळाला. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी बेल्लमपल्लीस धर्मग्रामाचे काम पाहतात. त्यांनी आग्रहाने बोलावून घेतले, आणि आगमनकाळाच्या आरंभी आम्ही तेथे जाऊन पोहोचलो.

बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिरपूर कागझनगर व आसिफाबाद रोड ही स्थानके मागे पडली म्हणजे बेल्लमपल्ली येते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारे हे गाव ऑक्टोबर २०१६ पासून नव्या मंचेरियाल जिल्ह्यात गेले आहे. आपल्या वाचकांचे या मुलखाशी एक जुने नातेही आहे. १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तोपर्यंत हा सारा भाग बल्लारपूर येथे मुख्य ठाणे असलेल्या चांदा धर्मप्रांतातच होता. सिंगरेणी कंपनीने १९२० ते ३० या दशकाच्या अखेरीस या परिसरात कोळसा काढावयास आरंभ केला, आणि रानाच्या कडेचे हे खेडे कामगारांच्या वस्त्यांनी भरून गेले. आता गावाभोवतालच्या बऱ्याच जुन्या खाणी बंद पडल्या आहेत; परंतु त्यांत उमेदीची वर्षे घालविलेली माणसे अद्याप घरोघरी आहेत. लोकांची भाषा तेलुगू, बाजारात हिंदी, आणि अधूनमधून एखादे मराठी बोलणारे घर.

आमच्या मित्राच्या सांगण्यावरून दर शुक्रवारी काही वृद्ध व आजारी मंडळींस प्रभुशरीर नेऊन देण्याचे काम आम्ही पत्करले. त्यांत एक निवृत्त खाणकामगार होते. वय शहात्तर. त्यांतील सदतीस वर्षे त्यांनी खाणीत काढलेली. आरंभीची बरीचशी हातांनी टबांत कोळसा भरण्यात. आता छातीने दगा दिलेला. चार पावले चालले तरी धाप लागे. सारी वस्ती त्यांना ‘तातय्या’, म्हणजे आजोबा, म्हणे. आम्हीही तसेच म्हणू लागलो.

एका शुक्रवारी त्यांच्या भिंतीवर नवी तसबीर दिसली. गोऱ्यापान, गुलाबी गालांच्या एका गृहस्थांनी काळा कोट व लाल टाय घातला होता. आम्ही सहज विचारले, “हे कोण?”

तातय्यांची लेक हसून म्हणाली, “फादर, हे आमचे नान्नाच आहेत!”

झाले होते असे. तातय्यांचा धड असा एकच फोटो घरात होता, आणि तो कंपनीच्या ओळखपत्रावरचा. तो लेकीने एका स्टुडिओत मोठा करावयास दिला. तेथील माणसाने संगणकावर चेहरा उजळ केला, सुरकुत्या पुसल्या आणि अंगात कोट चढविला. त्याने हे वाईट हेतूने केले असे नव्हे. गिऱ्हाइकांस असेच आवडते.

खाटेवरून तातय्या म्हणाले, “फादरगारू, पहिल्या दिवशी मीही हेच विचारले, की हा साहेब कोण? मी गेल्यावर नातवंडे या साहेबाला हार घालतील. घालू देत. पण मी तसा नव्हतो.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु परत येताना ते शेवटचे वाक्य काही केल्या मनातून जाईना.

काळ्या रंगाची नळी

त्या वस्तीपासून जवळच एक वृद्ध मराठी गृहस्थ मुलाकडे राहत होते. इंदूरला वाढलेले, तेथील चित्रकला विद्यालयात शिकलेले आणि पुढे विदर्भातील एका शाळेत तीस वर्षे ड्रॉइंग-मास्तर असलेले. मराठी बोलावयास मिळावे म्हणून ते संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. त्यांच्यापाशी आम्ही तसबिरीची गोष्ट काढली, आणि जोडीला थोडी बढाईही मारली, की शाळेत असताना आम्ही एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालो होतो आणि सेमिनरीत नाताळच्या गोठ्यामागचे पडदे आम्हीच रंगवीत होतो. तेव्हा तातय्यांचे एक खरे चित्र आपण काढू शकू काय?

मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तसबीर खोटी आहे, हे खरे. पण फादर, तुम्ही तरी तातय्यांना पाहिले आहे का? डोळे मिटा आणि सांगा, त्यांच्या चेहऱ्याचा रंग कोणता?”

आम्ही म्हणालो, “काळा-सावळा.”

“म्हणजे पाहिलेले नाही,” मास्तर म्हणाले. “उद्या सकाळी या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी पेटी उघडून रंगांच्या नळ्या टेबलावर मांडल्या. पांढरा; फिका व गडद असे दोन पिवळे; पिवळ्या मातीचा ऑकर; शेंदरी; किरमिजी; अल्ट्रामरीन व कोबाल्ट हे दोन निळे; व्हिरिडियन हा थंड हिरवा; आणि भाजलेल्या मातीचा तांबूस, ज्याला चित्रकार बर्न्ट सिएना म्हणतात. शेवटी राहिली काळ्या रंगाची नळी. ती त्यांनी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. “ही तुम्ही गावी निघाल्यावर परत मिळेल.”

त्यानंतर त्यांनी खिडकीत पांढरे फडके अंथरले आणि त्यावर कोळशाचा एक मोठा खडा ठेवला. म्हणाले, “याचे चित्र काढा.”

वाचकहो, आमची फजिती लक्षात घ्या. कोळसा रंगवावयाचा आणि काळा रंग घ्यावयाचा नाही! परंतु अर्धा तास मुकाट्याने पाहत बसल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली. खड्याची जी बाजू खिडकीकडे होती तिच्यावर आकाशाचा फिकट निळा उतरला होता. फडक्याकडील बाजूस खालून परत येणाऱ्या प्रकाशाची ऊबदार तांबूस झाक होती. भेगेत जांभळट तपकिरी अंधार होता. फडक्यावर पडलेली सावलीसुद्धा राखी नव्हती, ती निळसर होती. मास्तरांनी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून दाखविले: त्यांतून जो गडद रंग निघतो तो नळीतल्या काळ्याइतकाच खोल असतो, पण त्याला हवे तसे निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकविता येते. तीन सकाळी आम्ही तो एकच खडा रंगविला. तिसऱ्या दिवशी फलकावर कोळसा दिसला.

हा संप्रदाय कोठला?

या रीतीस मराठीत दृक्प्रत्ययवाद असे जड नाव आहे; इंग्रजीत इंप्रेशनिझम. तिचा जन्म फ्रान्समधला. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, नादार नावाच्या छायाचित्रकाराने रिकाम्या केलेल्या स्टुडिओत, मोने, रेनवार, पिसारो, देगा, बेर्त मोरिसो इत्यादी चित्रकारांनी सरकारमान्य प्रदर्शनास बाजूस सारून आपले वेगळे प्रदर्शन भरविले. त्यात मोनेचे सूर्योदयाचे एक चित्र होते; त्याच्या नावातील ‘इंप्रेशन’ हा शब्द उचलून लुई लरुआ या टीकाकाराने सर्वांचीच टर उडविली, आणि टिंगलीचे ते नावच पुढे कायम झाले. त्याच प्रदर्शनात मोरिसोबाईंचे ‘पाळणा’ हे चित्र होते. निजलेल्या तान्ह्याकडे पाहत बसलेली आई, एवढाच त्याचा विषय. परंतु पाळण्यावरील पांढऱ्या झिरझिरीत कापडात निळे, राखी, गुलाबी असे किती रंग आहेत ते पाहिले म्हणजे या मंडळींना काय सांगावयाचे होते ते समजते.

त्यांच्या यशामागे दोन साध्या गोष्टी होत्या. पहिली रंगांची नळी. पूर्वी घोटलेले तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत; ते लवकर वाळत व बाहेर नेणे कठीण जाई. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची, पिळता येणारी नळी काढली, आणि चित्रकारास उघड्या प्रकाशात जाऊन बसता येऊ लागले. दुसरी गोष्ट शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचा शोध. गोब्लँ येथील प्रसिद्ध विणमाग-कारखान्यात ते रंगविभागाचे प्रमुख होते. तेथे तक्रार आली, की काळा धागा विणल्यावर फिका दिसतो. तपासाअंती आढळले, की रंगात खोट नाही; शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्यांस काळा तसा भासतो. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. अर्थात या संप्रदायातील सर्वांनीच काळ्याशी वैर धरले असे मानू नये; रेनवार आणि त्यांचे ज्येष्ठ स्नेही माने यांच्या चित्रांत सुंदर काळा रंग आढळतो. नवशिक्याला मात्र तो हाती न देणे बरे, असे आमच्या मास्तरांचे मत.

आपल्याकडे व्यक्तिचित्राची परंपरा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने घडविली. १८५७ साली स्थापन झालेल्या या शाळेत आपल्या समाजातील एक थोर चित्रकार शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले: गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद. १९२० साली त्यांना आपल्या पत्नीच्या चित्राबद्दल बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांची शिस्त जुन्या अकादमीची, दृक्प्रत्ययवादाची नव्हे. परंतु घरातील माणसांना घरच्याच उजेडात बसवून रंगविण्याची जी आस्था त्यांच्या ठायी होती, ती कोणत्याही संप्रदायाच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. त्यांच्या व त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांच्या चित्रांचा संग्रह पणजीस फुंदासांव ओरियेंत या संस्थेत आहे. गोव्यास जाणाऱ्या वाचकांनी तो अवश्य पाहावा.

मोकळ्या प्रकाशाची व उघड्या कुंचल्याची रीत मराठी चित्रकारांत रुजली ती विशेषेकरून इंदूरला. तेथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकला विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) हे त्यांचेच विद्यार्थी, आणि बेंद्रे यांच्या आरंभीच्या निसर्गचित्रांवर दृक्प्रत्ययवादाची छाप स्पष्ट दिसते. आमचे मास्तर त्याच गुरुपरंपरेतले. त्यामुळे बेल्लमपल्लीच्या त्या लहानशा खोलीत पॅरिसची विद्या आमच्यापर्यंत पोहोचली ती मराठीतून पोहोचली, याचा आम्हांस आनंद वाटतो.

तातय्यांच्या बैठका

नाताळ आटोपल्यावर तातय्यांना विचारले. ते म्हणाले, “मला बसण्यावाचून दुसरे काम काय आहे?” त्यांच्या घरातील उत्तरेकडील खिडकी आम्ही मुक्रर केली. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, आणि ऊन थेट आत येत नाही. वेळ रोज सकाळी नऊ ते सव्वादहा. त्याहून अधिक बसविणे त्यांच्या छातीस झेपले नसते. कॅनव्हास सोळा बाय वीस इंची, फिकट अस्तर दिलेला.

पहिल्या बैठकीत टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाने फक्त जागा ठरविल्या. डोक्याचा माथा कोठे, हनुवटी कोठे. नवशिका डोळे नेहमी फार वर काढतो. वस्तुतः ते डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर असतात. मग मास्तर म्हणाले, “आता डोळे किलकिले करा.” पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक नाहीसे होते आणि चेहऱ्याचे दोनच भाग उरतात, उजेडाचा व सावलीचा. ते दोन भाग प्रथम मांडावयाचे. बाह्यरेषा काढावयाची नाही; एक रंग संपून दुसरा जेथे लागतो तेथे कड आपोआप होते.

दुसऱ्या बैठकीत आम्ही मोठ्या उत्साहाने डोळे, नाक, ओठ रंगविले. मास्तरांनी मागे उभे राहून पाहिले आणि बोथट सुरीने सारे खरवडून काढले. “हे तातय्यांचे डोळे नव्हेत, इंटरमिजिएटच्या परीक्षेतले डोळे आहेत,” ते म्हणाले. “तुम्हांला ठाऊक आहे ते काढू नका, दिसते ते ठेवा. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा आहे का, पाहा.” पाहिले. तो पांढरा नव्हता. वरच्या पापणीच्या छायेत तो राखी-जांभळा होता, आणि एका कोपऱ्यात पिवळट.

तिसऱ्या व चौथ्या बैठकीत हळूहळू रीत कळू लागली. कुंचला डुकराच्या राठ केसांचा, चपटा घ्यावा. रंग पाटीवर मिसळावा, चित्रावर नव्हे. फटकारा एकदा ठेवला की हात काढून घ्यावा. गोंजारत बसले की शेजारचे रंग एकमेकांत कालवून चिखल होतो. खालचे थर पातळ, टर्पेंटाइनचे. वरचे थर जवसाच्या तेलाने अधिक स्निग्ध. याच्या उलट केल्यास वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. दर पाच मिनिटांनी उठून सहा पावले मागे जावे. जवळून जे डाग दिसतात, ते दुरून मिळून गाल होतात की नाही, हे तेथूनच कळते.

आणि रंग! ज्यास आम्ही ‘काळा-सावळा’ म्हणून मोकळे झालो होतो, त्या चेहऱ्यावर कपाळाच्या उंचवट्यावर आकाशाचा निळा होता. गालावर शेंदरी व किरमिजी. जबड्याच्या सावलीत हिरवट झाक. हनुवटीखाली सदऱ्यावरून परतलेल्या उजेडाचा पिवळा. गोऱ्या त्वचेवर प्रकाश पसरून जातो. सावळ्या त्वचेवर तो चकाकतो, आणि भोवतालचे रंग आपल्या अंगावर घेतो. स्टुडिओतील माणसाने चेहरा ‘उजळ’ केला तेव्हा नेमके हे सगळे पुसले गेले होते.

पाचव्या बैठकीत भुवईच्या वर एक निळी रेघ दिसली. ती सावली समजून आम्ही अवतीभवतीच्या रंगांत मिसळू लागलो, तर ती कोणत्याच उजेडाशी जुळेना. शेवटी तातय्यांनाच विचारले. ते म्हणाले, “ती सावली नाही, फादरगारू. खाणीत वरून दगड पडला होता. जखम भरली, कोळसा आतच राहिला.” खाणकामगारांच्या अंगावर अशा निळ्या खुणा असतात, जखमेत गेलेली कोळशाची धूळ कातडीखाली कायमची राहते. चेहऱ्यावरील बाकीचे सारे रंग उजेडाने येत होते व जात होते. तो एक तेवढा त्यांचा स्वतःचा होता. आम्ही तो एकाच फटकाऱ्याने ठेवला.

ओठांवरचा निळा

आता जे सांगावयाचे, ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. सहाव्या बैठकीस काम रंगात आले होते. तातय्या नेहमीपेक्षा गप्प होते. ओठांकडे पाहत असता आमच्या मनात आले, की आज यांत निळा अधिक आहे; कोबाल्टचा अंश घालावयास हवा. आम्ही पाटीवर कोबाल्ट काढला, त्यात किरमिजी मिसळला, छटा बरोबर जुळली म्हणून मनात संतोषही वाटला. कुंचला कॅनव्हासपर्यंत गेला, आणि मग उमगले की समोर बसलेल्या माणसाला श्वास मिळत नाही.

लेकीस हाक मारली. शेजारच्या मुलाने रिक्षा आणली. दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर तासाभराने ओठांचा रंग परत आला. पाच दिवसांनी तातय्या घरी आले.

ते पाच दिवस आम्हांस फार जड गेले. एका आजारी वृद्धाचा जीव घुसमटत होता आणि आम्ही, ज्यांनी त्याच्या आत्म्याची काळजी वाहावयाची, ते त्याच्या ओठांची छटा जुळवीत होतो! मास्तरांनी आमचे ऐकून घेतले आणि मोनेची गोष्ट सांगितली. १८७९ साली मोनेची पत्नी कामीय वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारली. मृत्युशय्येवरील तिचे चित्र मोनेने रंगविले. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुष्कळ वर्षांनी आपला मित्र क्लेमांसो याच्यापाशी त्याने कबूल केले, की प्रिय पत्नीच्या मुखावर मृत्यूने आणलेल्या निळ्या, पिवळ्या, राखी छटा आपले डोळे आपोआप टिपीत होते, आणि हे ध्यानी येताच त्यास स्वतःचीच भीती वाटली.

“ही भीती वाटणे बरे,” मास्तर म्हणाले. “ज्याला वाटत नाही, त्याने माणसे रंगवू नयेत. पण फादर, दुसरी बाजूही पाहा. महिन्यापूर्वी तो निळा तुम्हांला दिसला असता का? घरात लेक होती, मी होतो, कोणाला दिसला?”

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असे आम्हांस आजही वाटते. पाहावयास शिकणे म्हणजे प्रेम करणे नव्हे. नुसती शिकलेली दृष्टी माणसाला वस्तू करून टाकू शकते. परंतु न पाहता केलेले प्रेमही अर्धे आंधळे असते. आम्ही महिनाभर दर शुक्रवारी त्या घरी जात होतो, तातय्यांसाठी मनापासून प्रार्थना करीत होतो, आणि त्यांच्या ओठांचा रंग रोजचा कोणता हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसते, तर त्या दिवशी बदलला हेही कळले नसते.

दोन तसबिरी

पुढील दोन बैठका तातय्यांच्याच हट्टाने झाल्या. “अर्धे तोंड ठेवून जाऊ नका,” ते म्हणाले. ओठ आम्ही त्या सकाळी जसे दिसले तसे रंगविले, तांबूस तपकिरी, थोडे उघडे. आठव्या बैठकीनंतर मास्तर म्हणाले, “आता थांबा. यापुढे तुम्ही बिघडवाल.”

चित्र उत्तम साधले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एक कान जागेवर नाही, आणि खांदा लाकडासारखा झाला आहे. तातय्यांनी ते हातात घेऊन जवळून पाहिले. म्हणाले, “हे तर नुसते डाग आहेत.” मग मास्तरांनी ते समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवले. तातय्या बराच वेळ पाहत राहिले. आपोआप त्यांचा हात भुवईवरच्या त्या निळ्या खुणेकडे गेला. शेवटी म्हणाले, “हो. हा पाळीवरून आलेला मी आहे. तोंड धुतल्यावरचा.”

लेकीचे मत मात्र इतके अनुकूल नव्हते. तिने प्रांजळपणे सांगितले, की नान्ना फार काळे दिसतात. पाहुण्यांना कोटातलीच तसबीर आवडेल. तातय्यांनीच निवाडा केला. साहेबाची तसबीर दारासमोर राहू द्यावी, आणि ही खाटेच्या समोर, नातवंडे अभ्यासाला बसतात तेथे, लावावी. आम्हांस हा निवाडा योग्य वाटला.

निघण्याच्या दिवशी मास्तर स्थानकावर आले आणि खिशातून काळ्या रंगाची नळी काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवली. “आता वापरायला हरकत नाही,” म्हणाले. ती अद्याप आम्ही उघडलेली नाही.

एक काम मात्र राहिले आहे. तैलरंग पाण्याच्या रंगाप्रमाणे पाणी उडून वाळत नाही. त्यातील तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. वरून कोरडा दिसला तरी आतून तो कित्येक महिने ओला असतो. म्हणून वार्निश सहा महिने ते वर्षभर गेल्यावाचून लावू नये, असा नियम आहे. हे आम्ही तातय्यांना समजावून सांगितले. तेव्हा त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, “म्हणजे पावसाळ्यानंतर. या तुम्ही. मी वाट पाहीन.” त्यांची लेक दर पंधरवड्यास फोनवर खुशाली कळविते. ऑक्टोबरचे तिकीट आम्ही काढून ठेवले आहे.

वाचकांपैकी ज्यांना हा छंद करून पाहावासा वाटेल, त्यांनी फार खर्चात पडू नये. आठदहा नळ्या, तीन चपटे कुंचले, थोडे जवसाचे तेल व टर्पेंटाइन, आणि खिडकी, एवढे पुरते. टर्पेंटाइनचा वास छातीस बरा नव्हे. खोलीत वारा खेळता ठेवावा, आणि दम्याचे माणूस समोर असेल तर ते शक्य तितके कमी वापरावे, हा धडा आम्ही उशिरा शिकलो. आरंभ एखाद्या कांद्यापासून किंवा कोळशाच्या खड्यापासून करावा. आणि ज्यांना रंगांचा व्याप नको असेल, त्यांनीही एवढे अवश्य करावे: येत्या रविवारी दुपारी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला खिडकीशी बसवावे, आपण समोर बसावे, आणि पाव तास त्यांच्याकडे नुसते पाहावे. रोज पाहिलेल्या त्या चेहऱ्यावर काय काय दिसते, ते पाहून आमच्याप्रमाणेच आपणही चकित व्हाल.